पावलं वाजली की वर येणारे मासे

हॅचरीतून, म्हणजे माशांची पैदास करून पिल्लं वाढवतात त्या केंद्रातून, आणलेल्या बोटुकल्यांनी भरलेल्या प्लॅस्टिकच्या फुगीर पिशव्या तलावाच्या काठाशी तरंगत ठेवल्या होत्या. आतल्या आणि बाहेरच्या पाण्याचं तापमान जुळेपर्यंत थांबायचं, मग तोंडाची गाठ सोडायची, पिशवी आडवी करायची आणि मासे आपले आपण बाहेर पडू द्यायचे, अशी रीत. ओतायचे नाहीत. मी नुसता बघायला गेलो होतो. पिशवीचं तोंड उघडलं तरी पहिले काही क्षण कोणी बाहेर येईना. मग एक आली, मागोमाग आणखी काही आल्या, आणि बघता बघता बोटभर लांबीचे शेकडो मासे गुडघाभर पाण्यात उतरले. उतरले आणि तिथेच राहिले. समोर अख्खा तलाव पडला होता, पण त्या पिशवीच्या आसपासच घुटमळत होत्या. जरा पलीकडे, पाणगवताच्या कडेला, तलावातल्याच कुठल्याशा लहान माशांचा एक थवा चरत होता. तेवढ्यात पिशव्या सोडणारा माणूस रिकामी पिशवी झटकायला वाकला आणि त्याची सावली दोन्हीकडे पडली. पलीकडचा थवा नाहीसा झाला. पळाला असंही म्हणवत नाही, कारण पळताना तो दिसलाच नाही. बोटुकल्या मात्र त्या सावलीत गोळा झाल्या. तोंडं वर करून, पाणी चिवडत, त्याच्या पायांशी आल्या. कोणीतरी म्हणालं, "काय माणसाळलेत बघा!" सगळे हसले, मीही हसलो.

पण ते दृश्य डोक्यातून जाईना. सावली काय, बगळ्याचीही पडते.

तेव्हापासून उथळ पाणी दिसलं की काठाशी उकिडवं बसायची खोडच लागली. माशांचा थवा लांबून बघितला तर एकच एक वाटतो, जवळून बघितला की त्यातली धुसफूस दिसायला लागते. प्रत्येकाचं स्वतःचं काहीतरी चाललेलं असतं. एक जण शेवाळलेल्या दगडाला टोच मारतो, टोच मारताना अंग कलतं, आणि कललेल्या अंगावरून ऊन एकदा लखकन चमकतं. ती चमक शेजाऱ्याला दिसते. तो वळून त्याच दगडाकडे येतो. त्याच्या मागून आणखी दोघे. पहिल्याला हे पसंत नसतंच; तो आणखी एक-दोन टोचे घाईघाईने मारतो आणि पुढे सरकतो. कोणी कोणाला बोलावलेलं नसतं, पण बातमी पसरलेली असते. हे सगळं चालू असताना दोन माशांमधलं अंतर जेमतेम अंगभर, आणि ते फारसं कमी-जास्त होत नाही. डोळ्यांचा त्यात भाग आहेच, पण माशाच्या कुशीवरून शेपटीपर्यंत जी एक बारीक रेघ गेलेली दिसते तिचाही आहे. त्या पार्श्वरेषेत आणि तिच्या आजूबाजूच्या कातडीवर सूक्ष्म संवेदी केसांचे पुंजके असतात, मऊ पारदर्शक टोपीत बसवलेले. शेजाऱ्याने शेपटी हलवली की पाण्याचा जो धक्का येतो तो तिथे जाणवतो. आपल्याला असं काही इंद्रियच नसल्यामुळे कल्पना करायची तरी कशाच्या आधाराने, हा प्रश्नच आहे. दुसऱ्याचं हलणं आपल्या अंगावर उमटतं, एवढंच त्यातल्या त्यात जवळचं.

आणि पळून जाणं तर त्याहून अजब. माशाच्या मेंदूच्या मागच्या भागात माउथनर पेशी नावाची एक मोठी जोडी असते, एक डावीकडे, एक उजवीकडे. धोका जाणवला की त्यातली एक पेटते, विरुद्ध बाजूचे सगळे स्नायू एकदम आवळतात, अंग इंग्रजी सी अक्षरासारखं वाकतं आणि पुढच्या झटक्यात मासा भलत्याच दिशेला गेलेला असतो. हे सगळं काही मिलिसेकंदांत आटोपतं. थव्यात एकाने असा झटका दिला की शेजारी नेमकं काय झालं हे बघायला थांबत नाहीत. पलीकडचा थवा मला पळताना का दिसला नाही याचं उत्तर बहुधा हेच असावं.

थव्यात राहण्याने जीव वाचतो हे आपण गृहीतच धरतो. पोट भरायलाही थवा लागतो, ही गोष्ट मला नवी होती. १९८२ मध्ये टोनी पिचर, अ‍ॅन मॅगरन आणि इयन विनफिल्ड यांनी मिनो नावाचे छोटे मासे आणि गोल्डफिश घेऊन एक साधाच प्रयोग केला. टाकीत अन्न लपवायचं आणि लहान-मोठ्या थव्यांना ते शोधायला किती वेळ लागतो ते मोजायचं. थवा जितका मोठा, तितकं त्यातल्या एकेका माशाला अन्न लवकर सापडलं. शोधणारी तोंडं जास्त, हे एक कारण झालंच. दुसरं असं, की भोवती बरेच डोळे पहाऱ्यावर असले की एकेकाला मान खाली घालून चरायला उसंत मिळते. एकटा मासा बराचसा वेळ नुसता दबकून असतो. म्हणजे भूक आणि भीती यांची खाती वेगवेगळी नाहीतच. मानफ्रेड मिलिन्स्की आणि रॉल्फ हेलर यांनी १९७८ मध्ये हे फार सुंदर दाखवलं. स्टिकलबॅक नावाच्या उपाशी छोट्या माशापुढे डॅफ्नियांचे, म्हणजे पाण्यातल्या बारीक जिवांचे, दाट आणि विरळ घोळके ठेवले तर तो दाट घोळक्यावर तुटून पडतो. पटापट खाता येतं. पण टाकीवरून खंड्याची खोटी आकृती एकदा फिरवली, की तोच मासा विरळ घोळक्याकडे वळतो. दाट गर्दीतून एकेक डॅफ्निया टिपायचा तर सगळं लक्ष तिथेच द्यावं लागतं, आणि वर खंड्या असताना सगळं लक्ष ताटात देणं परवडत नाही. एवढासा मासा, पण काय किंमत मोजून काय खायचं याचा हिशेब त्याच्याकडे पक्का आहे.

थव्याच्या आतही हा हिशेब चालू असतो. येन्स क्राउझ यांनी रोच माशांवर केलेल्या निरीक्षणात उपाशी मासे पुढच्या रांगेत सरकताना दिसले. पुढच्याला अन्न आधी मिळतं, आणि दबा धरून बसलेला पाइक हा शिकारी मासाही आधी त्यालाच भेटतो. पोट भरलं की तोच मासा सावकाश मागे, मध्यभागी येतो. तेव्हा थव्यात कोणी पुढारी नसतो, असतो तो त्या घटकेला सगळ्यात भुकेला मासा. (याला नेतृत्व म्हणावं की नाही यावर बरंच बोलता येईल, पण इथे नको.)

आता त्या सावलीकडे जायच्या आधी कार्ल फॉन फ्रिश यांच्या माशांची गोष्ट सांगायला हवी. मधमाश्यांच्या नाचामुळे सगळ्यांना माहीत असलेले, त्याबद्दलच १९७३ चं नोबेल मिळालेले हेच फ्रिश. १९३८ मध्ये त्यांनी मिनो माशांविषयी एक निरीक्षण मांडलं. थव्यातल्या एका माशाला जखम झाली होती, आणि तो पाण्यात परत सोडल्यावर बाकीचे त्याच्यापासून घाबरून दूर गेले. जखमी माशाला पाहून नव्हे. त्याच्या फाटलेल्या कातडीतून पाण्यात उतरलेल्या कशाने तरी. त्या द्रव्याला फ्रिशनी जर्मनमध्ये 'श्रेकस्टोफ', म्हणजे भीतीचं द्रव्य, असं नाव दिलं. मिनो, गोल्डफिश, कार्प या सगळ्या गणगोतात ते आहे. कातडीतल्या काही खास पेशींत ते बंद असतं आणि त्या पेशींना बाहेर उघडणारं तोंडच नाही. कातडी फाटल्याशिवाय इशारा सुटत नाही. म्हणजे जो इशारा देतो त्याचा स्वतःला काही उपयोग होण्याची वेळ बहुतेकदा टळून गेलेली असते. मग हे द्रव्य त्याच्या अंगात आलं कशासाठी, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. ते मुळात इशाऱ्यासाठी नसून कातडीच्या रक्षणासाठीच असावं असंही काहींचं म्हणणं आहे. मला त्यातली दुसरीच गोष्ट अडकून राहिली. हा वास नुसता पळवून लावत नाही, शिकवतो. हा वास आणि पाइकचा वास एकदा एकत्र नाकात गेला, की पुढे नुसत्या पाइकच्या वासालाही मासा दबकतो. जे मासे हा धडा स्वतः शिकलेले नाहीत, ते शिकलेल्यांच्या संगतीत राहून, त्यांचं दचकणं बघून शिकतात. पाइक कधीही न पाहिलेल्या माशाला पाइकची भीती अशी आयती मिळते.

आयती मिळायला संगतीत कोणीतरी घाबरलेलं असावं लागतं. नेमकं तेच हॅचरीत नसतं.

हॅचरीत मासे कमी नसतात, उलट मोजता येणार नाहीत इतके असतात. गोल टाकीत पाणी सतत फिरतं ठेवलेलं असतं, हवेच्या पंपाची घरघर चालू असते, ओल्या सिमेंटचा आणि खाद्याचा एक तेलकट वास सगळ्या शेडमध्ये भरलेला असतो. टाकीत वाकून बघितलं तर सगळ्यांची तोंडं एका दिशेला. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो मोठा शिस्तीतला थवा वाटतो. पण ती शिस्त पाण्याच्या धारेची आहे. धारेला तोंड देऊन पोहायचं, एवढंच सगळे करत असतात. लिफ्टमध्ये अनोळखी माणसं एका बाजूला तोंड करून उभी असतात तसं. शेजारचा काय करतोय याने कोणाला काही फरक पडत नाही, कारण शेजाऱ्याकडून कळण्यासारखं तिथे काही घडतच नाही. अन्न कुठे आहे हे शोधावं लागत नाही, ते ठरल्या वेळी वरून येतं. आणि मग टाकीजवळ पावलं वाजतात. पावलं वाजली की तळापासून सगळं पाणी उसळतं. पाण्याला उकळी फुटावी तशी तोंडं वर येतात, एकमेकांच्या अंगावर चढतात, गोळ्या पडायच्या आधीच पाणी गिळायला लागतात. तिथल्या काकांनी मला ते कौतुकाने दाखवलं होतं. "आवाज ओळखतात माझा," म्हणाले. खरंच ओळखत होते.

हे लिहिताना हॅचरीला खलनायक करायचा मोह होतो, आणि तो मला आवरायचा आहे. रोहूसारखे भारतीय कार्प वाहत्या नदीत, पावसाळी पुरात अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात मोठे होतात पण वितच नाहीत. त्यामुळे पाळायचं तर नदीतून अंडी आणि जिरे, म्हणजे नुकती फुटलेली बारीक पिल्लं, गोळा करून आणायचे, त्यात कुठल्या माशाचं काय आलंय हे देव जाणे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्याच पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून हे मासे बंदिस्त पाण्यात वितात हे दाखवलं, आणि सगळं बदललं. युरोपात त्याच्या दोनशे वर्षं आधीपासून श्टेफान लुडविग याकोबी ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाची अंडी हाताने फलित करत होते. या लोकांनी जे केलं त्याला मी नावं ठेवणार नाही. रोहूची एक मादी लाखांनी अंडी घालते आणि नदीत त्यातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच वयात येतात. बाकीचे जिरे असतानाच कोणाच्या ना कोणाच्या पोटात जातात. हॅचरी हे मरण थांबवते. अडचण अशी की नदीतलं ते मरण सरसकट नसतं, निवडून निवडून आलेलं असतं. सावलीकडे जाणारे आधी मरतात, न जाणारे उरतात. ते थांबवलं की निवडही थांबते, असं मला आधी वाटायचं. प्रत्यक्षात ती फक्त उलटी फिरते. टाकीत जो आधी वर येतो तो जास्त खातो, भराभर वाढतो, आणि पुढच्या पिढीचा बाप व्हायला तोच उचलला जातो.

ब्रुक ट्राउटवर रॉबर्ट व्हिन्सेंट यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेलं काम या बाबतीत बोलकं आहे. रानटी माशांची आणि अनेक पिढ्या हॅचरीत वाढलेल्या माशांची पिल्लं त्यांनी सारख्याच टाक्यांत, सारखंच खायला घालून वाढवली. नदी दोघांनीही पाहिलेली नव्हती. तरी रानटी वंशाची पिल्लं तळाशी, लपून राहायची, माणूस आला की दडायची. हॅचरीच्या वंशाची वर, मोकळ्या पाण्यात. योर्गेन जॉन्सन आणि मार्क अब्राहम्स यांनी १९९१ मध्ये रानटी स्टीलहेड (समुद्रात जाऊन नदीत परतणारे रेनबो ट्राउट) आणि पाळीव ट्राउट यांच्या संकरातून झालेली पिल्लं तपासली, तर शिकारी समोर असतानाही खायला बाहेर पडण्याची जोखीम ती जास्त घेत होती. शिकाऱ्यापासून निसटायची ताकद त्यांच्यात कमी होती असं नाही. बाहेर पडायचं की नाही हा निर्णयच वेगळा होत होता. अमेरिकेतल्या हूड नदीवरच्या स्टीलहेडचा अभ्यास २००७ मध्ये आला. हितोशी अराकी आणि सहकाऱ्यांचा अंदाज असा, की हॅचरीत काढलेल्या प्रत्येक पिढीगणिक नैसर्गिक पाण्यात संतती मागे ठेवण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घसरते. त्याच नदीवर पुढे असंही दिसलं की हॅचरीत ज्यांचं उत्तम चाललं त्यांचंच नदीत सगळ्यात वाईट झालं. हे वाचल्यावर मी बराच वेळ काही वाचलं नाही.

वंशाचं असं, आणि वाढीचंही असंच. मायकेल मार्केटी आणि गॅब्रिएल नेविट यांनी २००३ मध्ये रानटी आणि हॅचरीतल्या रेनबो ट्राउटचे मेंदू मोजले. डोळ्यांकडून येणारं सगळं जिथे पोचतं तो भाग आणि पुढचा मेंदू, दोन्ही हॅचरीतल्या माशांत अंगाच्या मानाने लहान निघाले. स्टीलहेडमध्ये त्या कुशीवरच्या संवेदी पुंजक्यांची संख्याही हॅचरीत कमी भरली, म्हणजे शेजाऱ्याचं हलणं ज्याने कळायचं तेच कमी. कानातले खडेसुद्धा वेगळे. माशाच्या आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे खडे असतात. ते साधारणपणे अ‍ॅरागोनाइटचे बनतात, पण हॅचरीतल्या माशांत वॅटेराइट नावाच्या हलक्या, ठिसूळ स्फटिकाचे खडे बरेचदा सापडतात, आणि त्याने ऐकू कमी येतं. डोळा, कान, कूस, तिन्हीकडे थोडं थोडं उणं. दाट गर्दीत, घरघरणाऱ्या पंपाशेजारी, रिकाम्या गुळगुळीत भिंतींमध्ये वाढलेल्या माशाला ही इंद्रियं तशी फारशी लागतही नाहीत. पण २००६ मध्ये रिबेका किसलिंगर आणि नेविट यांनी अगदी साधी गोष्ट केली. स्टीलहेडच्या नुकत्या फुटलेल्या पिल्लांच्या टाकीत दगड टाकले. बस. ज्या टाकीत दगड होते तिथल्या पिल्लांचा अनुमस्तिष्क, म्हणजे हालचालींचा तोल सांभाळणारा मेंदूचा भाग, मोठा झाला.

एवढ्याशा दगडांनी!

दगडांचा विषय निघाला की मला रॉबर्ट बॅकमन आठवतात. पेनसिल्व्हेनियातल्या स्प्रूस क्रीक नावाच्या ओढ्यावर त्यांनी मचाणं बांधली आणि वरून ब्राउन ट्राउट बघत बसले, एक-दोन आठवडे नाही, वर्षानुवर्षं. अंगावरच्या ठिपक्यांवरून ते एकेक मासा ओळखायचे. १९८४ मध्ये त्यांनी जे लिहिलं त्यात रानटी ट्राउटचं चित्र मोठं आळशी आहे. दगडाच्या आडोशाला, जिथे धार मंदावते तिथे, मासा जवळजवळ न हलता थांबलेला. हाताच्या अंतरावरून वेगाची धार वाहते आहे आणि तिच्यातून किडे, अळ्या वाहत येत आहेत. बरोबर वेळ साधून बाहेर सरकायचं, घास टिपायचा आणि परत त्याच जागी. दिवसामागून दिवस त्याच त्या मोजक्या जागा. मग त्याच ओढ्यात हॅचरीचे ट्राउट सोडले गेले. ते खायचे कमी आणि हिंडायचे फार. आडोसा दिसूनही आडोशाला थांबायचे नाहीत. वेगाच्या पाण्यात उगाच पोहत राहायचे. टाकीत पोहण्याची किंमत कधी मोजावी लागली नव्हती, कारण भरपाईला गोळ्या येत होत्याच. ओढ्यात मात्र प्रत्येक शेपटीचा हिशेब लागतो. अशा सोडलेल्या माशांच्या पोटात खडे आणि काड्या सापडतात. तेही ओघानेच आलं. वरून काहीतरी गोळीच्या आकाराचं तरंगत आलं की ते अन्न, हे त्यांनी आयुष्यभर बघितलेलं. ते चुकीचं शिकले नव्हते. जिथे शिकले तिथे ते शंभर टक्के खरं होतं.

त्या बोटुकल्यांचं मला आता तसंच वाटतं. सावली म्हणजे खाद्य हे त्यांच्या जगातलं सगळ्यात भरवशाचं ज्ञान होतं. त्या मूर्ख नव्हत्या, माणसाळलेल्याही नव्हत्या.

पण इथे बॅकमनच्या ट्राउटने माझी एक लाडकी मांडणी मोडलीही. मी मनातल्या मनात रानटी मासा म्हणजे थवा आणि हॅचरीचा मासा म्हणजे नुसती गर्दी अशी दोन खाती करून ठेवली होती. ओढ्यातला रानटी ट्राउट तर थवा करतच नाही. तो आपला दगड राखतो आणि जवळ येणाऱ्याला हाकलतो. उलट दाटीवाटीच्या टाकीत भांडणं परवडत नाहीत म्हणून तोच ट्राउट निमूट शेजाऱ्याला खेटून राहतो. पाळीव झाला की मासा शांत होतो की भांडखोर, याचं सरळ उत्तर नाही. खाद्य एकाच जागी थोडं थोडं पडत असेल तर दांडगे पुढे येतात, भरपूर आणि विखरून पडत असेल तर दांडगाईला काही फायदाच उरत नाही. आणि नुसतं रानात असणं म्हणजे थवा करता येणं असंही नाही. त्रिनिदादच्या डोंगरी नद्यांतले गप्पी यासाठी प्रसिद्ध आहेत. खालच्या टप्प्यात, जिथे मोठे शिकारी मासे आहेत, तिथले गप्पी घट्ट थवा करून राहतात. धबधब्यांच्या वर शिकारी पोचलेले नाहीत, तिथले गप्पी विखुरलेले, आपापलं चरणारे. बेन सेगर्स यांनी १९७४ मध्ये हा फरक प्रयोगशाळेत जन्मलेल्या पिल्लांतही दाखवला. १९५७ मध्ये कॅरिल हॅस्किन्स यांनी खालच्या नदीतले सुमारे २०० गप्पी उचलून टुरूरे नदीच्या वरच्या, गप्पी नसलेल्या आणि जवळजवळ निर्धोक भागात सोडले होते. तीनेक दशकांनंतर मॅगरन आणि सहकाऱ्यांनी त्यांचे वंशज तपासले, तर धोक्याला सावध राहण्याची रीत सैलावलेली होती. तिथे ना टाकी, ना पंप, ना गोळ्या. फक्त भीतीचं कारण गेलं आणि थव्याचा खर्च जड व्हायला लागला. थव्यात राहायचं तर सापडलेला प्रत्येक घास चारचौघांना दिसतो, हा तो खर्च.

म्हणजे हॅचरीने माशांना जे केलं ते वरच्या पाण्याने गप्पींना केलंच होतं. फरक एवढाच की वरच्या पाण्यातल्या गप्पींना कोणी पिशवीत भरून एका दुपारी खालच्या पाण्यात सोडत नाही.

शिकवता येतं का, हा त्याच्या पुढचा प्रश्न, आणि काही अंशी येतं. १९९८ मध्ये ग्रँट ब्राउन आणि जॅन स्मिथ यांनी हॅचरीतल्या रेनबो ट्राउटच्या पिल्लांना कातडीचा अर्क आणि पाइकचा वास एकत्र दिला. पुढे नुसत्या पाइकच्या वासाला ती दबकू लागली आणि तीन आठवड्यांनीही विसरली नव्हती. कलम ब्राउन आणि केविन लेलँड यांनी सुचवलेलं मला त्याहून आवडतं: सगळ्यांना शिकवायची गरज नाही, थोड्या जाणत्या माशांना अजाणांमध्ये सोडा, बाकीचे बघून शिकतील. जिवंत भक्ष्य खायला, अनोळखी घास तोंडात घ्यायला मासे अशाच संगतीने लवकर धजावतात. हे वाचताना बरं वाटतं, आणि त्याच वेळी जरा अवघडल्यासारखंही होतं. आपण आधी एका जिवाला भीतीपासून वाचवायला लाखो रुपयांची शेड उभी करायची आणि सोडायच्या आदल्या आठवड्यात त्याला भीती शिकवायला एखाद्या माशाची कातडी वाटून टाकीत ओतायची. करावं, असंच माझं मत आहे. पण करताना त्या माशाकडे बघवणार नाही.

मध्यंतरी त्या हॅचरीतल्या काकांना हे सगळं सांगितलं. म्हणजे दगडांपुरतं सांगितलं, बाकीचं मीच गाळलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग टाकीच्या कडेवर हात ठेवून म्हणाले, "दगड टाकायला काय, उद्या टाकतो. दगडाखाली खाद्य अडकतं, ते कुजतं. मग बुरशी धरते. टाकी घासायला आत मीच उतरतो, तुम्ही नाही." मी म्हटलं, "काका, चार-पाचच गुळगुळीत दगड, रोज उचलून धुता येतील असे." ते काही बोलले नाहीत. टाकीच्या मध्यावरच्या गाळण्याजवळ बोटाने एक जागा दाखवली, इथे टाकले तर धार अडणार नाही म्हणाले. त्यांना त्या पाण्याची नस माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. निघताना त्यांनीच पुन्हा विषय काढला. कोपऱ्यातली लहान टाकी रिकामी होतेय, तिच्यात करून बघू म्हणाले, खाद्यही रोज एकाच जागी न टाकता फिरवून टाकू.

"पण एक आहे," मला दारापर्यंत सोडायला येताना ते म्हणाले, "वर्षाअखेर मोजणीला साहेब येतात. तेव्हा मासे दगडाआड बसले आणि जाळीत कमी भरले, तर तुम्ही यायचं त्यांना समजवायला. मी नाही सांगणार, की मासे आहेत पण दिसत नाहीत."